दर दोन तासांनी

"अंगावरून वारं गेलं" म्हणजे नक्की काय होतं, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. कॉन्व्हेंटचा माल, दुसरं काय! आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड होता. त्यामुळे माझं मराठी सगळं घरचं, म्हणजे आजीकडून आलेलं. हा शब्दप्रयोग कधीतरी कानावरून गेला होता आणि मी आपला समजत होतो की थंडीवाऱ्याने अंग आखडत असेल. मग २०२४ च्या जूनमध्ये खुद्द आजीच्याच अंगावरून ते वारं गेलं, आणि शब्दाचा अर्थ कळला.

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, स्ट्रोक, ही सगळी एकाच गोष्टीची नावं. वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. मेंदूला रक्त नेणारी एखादी नळी गुठळीने बंद होते (बहुतेक वेळा हेच होतं), नाहीतर फुटते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग उपाशी मरतो. जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ साली याचा हिशेब मांडला होता. मोठी नळी बंद पडली आणि उपचार झाला नाही तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख न्यूरॉन्स जातात. व्हायवाला विचारतील असा आकडा आहे, पण आपल्याच घरातल्या माणसाबद्दल तो ऐकला की पोटात गोळा येतो.

मित्रांनो, या लेखात मी डॉक्टरांबद्दल फार लिहिणार नाही. त्यांचं काम मोठं आहेच, पण आमच्या बाबतीत ते पहिल्या दिवशीच बरंचसं संपलं. आजी रात्री साडेदहाला टीव्ही बंद करून झोपली होती आणि सकाळी सहाला आईने चहासाठी उठवलं तेव्हा तिचा उजवा हात-पाय लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं. आमची सिडकोची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. शेजारच्या काकांनी आणि बाबांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं नीट कधी पाहिलंत?" तेव्हा तो प्रश्न विचित्र वाटला. नंतर कळलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून. म्हणजे आमचे साडेसात तास आधीच गेले होते. झोपेत आलेल्या स्ट्रोकमध्येही हल्ली काही निवडक पेशंटना स्कॅनवरून ठरवून उपचार देतात, मोठ्या नळीतली गुठळी कॅथेटरने काढतात, पण आजीच्या बाबतीत ते बसत नव्हतं.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता नर्सिंग केअर." मला वाटलं, हे म्हणजे "आता देवाची प्रार्थना करा"चं सभ्य रूप असणार. तसं नव्हतं, हे कळायला आठवडा लागला.

"सिस्टर" हा शब्द मी लहानपणापासून घाबरूनच उच्चारलेला आहे, कारण शाळेत सिस्टर म्हणजे पांढऱ्या झग्यातल्या नन, आणि त्यांच्या हातात डायरी. वॉर्डमधल्या सिस्टरही जवळजवळ तशाच निघाल्या. मूळच्या कोल्हापूरकडच्या, आवाज खणखणीत, आणि "प्लीज" वगैरे प्रकार नाही. पहिल्याच संध्याकाळी आत्या पेणहून आली. तिने पिशवीतून गंगाजलाची बाटली काढली, चमचाभर आजीच्या तोंडात घालणार एवढ्यात सिस्टरने तिचा हात धरला. "ताई, कपाळाला लावा. तोंडात थेंब न्हाई." आत्या दुखावली. बाबांनाही जरा राग आला होता. एवढ्याशा पाण्याने काय होतंय?

होतं. स्ट्रोकमध्ये गिळण्याचे स्नायूही लुळे पडू शकतात. गिळणं ही किती भानगडीची क्रिया आहे हे आपल्याला माहीतच नसतं. घास मागे सरकतो, श्वासनलिकेवरचं झाकण बंद होतं, अन्ननलिका उघडते, हे सगळं सेकंदाभरात, योग्य क्रमाने. टायमिंग चुकलं की पाणी फुप्फुसात. आणि सगळ्यात धोकादायक काय, तर आपण पेशंटला सगळ्यात आधी देतो तेच, साधं पातळ पाणी! घट्ट पदार्थ हळू सरकतो, कमजोर घशाला सावरायला वेळ देतो, पाणी मात्र सुळकन जातं. शुद्ध व्हिस्कॉसिटीचा प्रश्न आहे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा आणि तोंडातल्या जंतूंचा न्यूमोनिया होतो, आणि स्ट्रोकमधून वाचलेले पेशंट पुढे दगावण्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही नाही. आजीला नाकातून पोटापर्यंत नळी घातली, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. जॉन राइल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९२१ साली ती मांडली. शंभर वर्षांत डिझाइनमध्ये फारसा फरक पडलेला नाही. चांगलं डिझाइन असंच असावं.

पण मला खरं शिकवलं ते पाचव्या दिवशी. डिस्चार्जची भाषा सुरू झाली होती, आणि सिस्टरनी विचारलं, "घरी कोण करणार?" सगळ्यांनी आईकडे पाहिलं. बाबांनीही! आई बँकेत नोकरी करते, बाबा तळोज्याला शिफ्टमध्ये. आत्या म्हणाली, "वहिनी रजा घेईल की." आई काही बोलली नाही. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि बाजूच्या रिकाम्या कॉटवर बोट दाखवलं. "तू झोप तिथं. उताणा. अर्धा तास हलायचं न्हाई. डोळं उघडं चालतील."

मी झोपलो. आपल्याला काय, अर्धा तास म्हणजे एका लेक्चरपेक्षाही कमी! चौथ्या मिनिटाला टाचेला मुंग्या आल्या. सातव्या मिनिटाला माकडहाडाच्या जागी ठणका सुरू झाला. पाठीखाली चादरीची एक चुणी होती, तिची आधी जाणीवही नव्हती, ती आता दोरीसारखी रुतायला लागली. बाराव्या मिनिटाला मी हललो. सिस्टर हसल्या. "तू हललास. ती हलणार न्हाई. तिला दुखलं तरी कळणार न्हाई. मग कोण हलवणार?"

मित्रांनो, आपण झोपेतसुद्धा सारखे कूस बदलत असतो. कातडीच्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा एवढाच धरतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेल्या कातडीवर त्याहून जास्त दाब पडला की त्या वाहिन्या चिमटतात, रक्त थांबतं, पेशी मरायला लागतात. तीच कथा, जी वर मेंदूत झाली. आपलं शरीर हे ओळखून आपल्याला वळवतं. लुळ्या माणसाची ती सूचनाच पोचत नाही. मग माकडहाड, खुबा, टाचा इथे आधी लाली, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारी जखम. तिला बेडसोर म्हणतात. एकदा झाली की भरायला महिने लागतात आणि तिथून जंतू रक्तात गेले तर माणूस त्यानेच जातो. यावर औषध शोधण्यापेक्षा सोपा उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. दिवसा आणि रात्रीसुद्धा.

लुडविग गुटमन नावाचा डॉक्टर हिटलरच्या जर्मनीतून पळून इंग्लंडला आला आणि १९४४ साली त्याने स्टोक मँडव्हिल येथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी वॉर्ड उघडला. तोपर्यंत असे सैनिक बेडसोर आणि लघवीच्या इन्फेक्शनने मरत आणि ते नैसर्गिकच मानलं जाई. त्याने रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम लावला आणि माणसं जगायला लागली. त्याच जगलेल्या माणसांसाठी त्याने १९४८ साली खेळ भरवले, त्यातून पुढे पॅरालिम्पिक आलं. आपण मेडलं बघतो. त्या मेडलांच्या खाली किती रात्रींच्या कुशी आहेत ते कुठे दिसतं?

यापुढची गोष्ट तर आपल्या परळची आहे. के.ई.एम. हॉस्पिटलच्या अरुणा शानबाग यांचं नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल, बहुधा दयामरणाच्या निबंधात. त्या तिथल्याच स्टाफ नर्स, मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलच्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. तो स्ट्रोक नव्हता, पण पलंगावर उरलं ते तसंच काहीसं, किंबहुना त्याहून वाईट. त्यानंतर त्या ४१ वर्षांहून जास्त काळ वॉर्ड नंबर ४ च्या बाजूच्या खोलीत होत्या. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. ऐंशीच्या दशकात पलंग रिकामा करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न महापालिकेने केला होता, तेव्हा नर्सेसनी आंदोलन करून तो थांबवला. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला. त्या निकालाची कायद्याची बाजू कायदेवाल्यांनी वाचावी. मला त्यातली एकच गोष्ट कायमची लक्षात राहिली आहे. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता, याची नोंद न्यायालयाने घेतली आहे.

मी सहज कॅल्क्युलेटर काढला. दर दोन तासांचा हिशेब धरला तर दिवसाला बारा वेळा, असं ३७ वर्षं, म्हणजे एक लाख ६२ हजार वेळा. नर्सेस रिटायर झाल्या, नवीन आल्या, ज्यांनी त्यांना चालता-बोलताना कधी पाहिलंही नव्हतं अशा मुलींनी ड्युटी घेतली आणि साखळी तुटली नाही. २०१० च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ताप येऊन खाणं कमी होईपर्यंत, त्या अरुणाताईंना कुस्करलेलं अन्न तोंडाने भरवत होत्या. नळी घालणं केव्हाही सोपं होतं. आपण इंजिनियर लोक प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सवर चार मार्कांची टीप लिहितो. त्यातली गोम अशी की काम चांगलं झालं तर दाखवायला काहीच नसतं. "काहीही झालं नाही" हाच रिझल्ट. आपल्याकडे अशा रिझल्टला कोणी हार घालत नाही. सर्वोच्च न्यायालयाला लिहावंसं वाटलं, म्हणजे किती मोठी गोष्ट असेल बघा.

आजी घरी आली. आईने पंधरा दिवस रजा घेतली, बाबांनीही घेतली (घ्यायला लावली, आईने नाही, सिस्टरनी!), दिवसासाठी ब्यूरोकडून एक मावशी ठेवल्या. रात्रीचं वाटप असं: बारापर्यंत बाबा, दोन आणि चार माझे, सहा आईचा. तसाही सबमिशनच्या दिवसांत मी दोनला जागाच असतो. कपाटाच्या दारावर मी ग्राफ पेपर चिकटवला. आडव्या अक्षावर तास, उभ्यावर तारीख, चौकोनात "डा", "पा", "उ". फार्मसीतून एअर बेड आणला, त्याचा पंप एक आड एक कप्पे फुगवतो आणि सोडतो, त्यामुळे दाब एका जागी राहत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाण्याचं काही वेळापत्रक नसतं, म्हणून तो मी इन्व्हर्टरवर टाकला आणि स्वतःवर खूष झालो. सिस्टरना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलंस. पण कूस बदलायचीच हां. मशीन हाय म्हणून झोपू नकोस."

बारीकसारीक गोष्टी किती असतात! पेशंटला वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, लुळा खांदा निखळतो. आजीचीच जुनी सुती साडी घडी करून पाठीखाली आडवी घालायची आणि दोघांनी दोन टोकं धरून उचलायची. ओढलं तर कातडी चादरीला चिकटते आणि आतलं मांस सरकतं, जखम तिथूनच सुरू होते. गाउन घालताना लुळा हात आधी, काढताना तोच शेवटी. फर्स्ट इन, लास्ट आउट. डेटा स्ट्रक्चर्समध्ये स्टॅक मला कधी इतका पक्का समजला नव्हता. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, नाहीतर उलटा प्रवाह. कातडी लाल दिसली तर अंगठ्याने दाबायची. दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर धोका, आणि अशा जागी चोळायचं अजिबात नाही. गिळणं सुधारल्यावर भरवताना तिला ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, घास लहान, आणि प्रत्येक घासानंतर लुळ्या गालात काही साठलंय का ते बघायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घट्ट पेज उतरायची, पाणी मात्र पावडर घालून दाट केल्याशिवाय नाही. ते दाट पाणी आजीला मुळीच आवडायचं नाही. मी चाखून बघितलं. तिचं बरोबर आहे.

अवघड होतं ते वेगळंच. मी मुलगा. पहिल्या रात्री दोन वाजता डायपर बदलायची वेळ आली तेव्हा आजीने चांगल्या डाव्या हाताने चादर घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी. मला आईला उठवावंसं वाटलं. सिस्टरनी एक गोष्ट सांगितली होती, ती तेव्हा उपयोगी पडली. आधी सांगायचं, मग हात लावायचा. पेशंट बेशुद्ध असला तरी. "आजी, मी आता चादर वर घेतो. आता तुला डाव्या कुशीवर वळवतो. आता पुसतो, पाणी कोमट आहे." आणि अंगावरचं पांघरूण पूर्ण काढायचं नाही, लागेल तेवढाच भाग. आणि मधूनमधून चेहऱ्याकडे बघून दुसरं काहीतरी बोलायचं. मी तिला आमच्या मेसच्या जेवणाबद्दल सांगायचो (मी डे-स्कॉलर, पण दुपारी मित्रांच्या कृपेने मेसमध्येच असतो). तिसऱ्या रात्री तिने चादर सोडली. चौथ्या की पाचव्या रात्री मेसच्या वांग्यावर ती हसली, अर्ध्याच तोंडाने.

तिच्या वाचेची गंमत सांगतो. स्ट्रोक डाव्या मेंदूत झाला की उजवं अंग जातं आणि पुष्कळदा भाषाही जाते, कारण भाषेची केंद्रं बहुतेकांची डावीकडे असतात. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली ज्या पेशंटवरून हे दाखवलं तो फक्त "टॅन" एवढंच म्हणू शकायचा. आमच्या आजीला उरला "नको". पाणी हवं, "नको". उशी सरकव, "नको". मी आलो म्हणून आनंद झाला, तरी "नको"च! त्या एका शब्दाचे चढउतार ओळखायला आम्ही शिकलो. मग ऑगस्टमध्ये एका दुपारी मी शेजारी बसून असाइनमेंट करत होतो आणि तोंडाने काहीतरी गुणाकार पुटपुटलो. मागून आवाज आला आणि आजीने पुढचा आकडा सांगितला. मी उडालोच. मग एक-एक करत ती सबंध पाढा म्हणाली. नंतर दिडकी. मी दिडकी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला! पेणच्या शाळेत पन्नासच्या दशकात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं पाठ करून घ्यायचे म्हणे. बाबांनी सांगितलं. सातला साडेदहा, नऊला साडेतेरा, न अडखळता. "पाणी" म्हणता येत नाही, पण दिडकी येते. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं. घोकून पक्कं झालेलं, पाढे, स्तोत्रं, वार, महिने, हे मेंदूत वेगळ्या वाटेने साठलेलं असतं आणि पुष्कळदा शिल्लक राहतं. त्या वाटेवरूनच बाकीचे शब्द थोडे थोडे परत आणायचे. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्या आमच्या पिढीजवळ असं काय शिल्लक राहील, देव जाणे. आयफोनचा पासकोड?

नोव्हेंबरमध्ये आकडी आली. स्ट्रोकनंतर मेंदूत जो व्रण राहतो तिथून पुढे कधीतरी अशी फिट येऊ शकते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी सांगायचं तर सर्किटचा एक भाग भलत्याच फीडबॅकने ऑसिलेट व्हायला लागतो आणि बाकीच्यांना ओढतो. रविवार होता, संध्याकाळचे साडेसहा. आधी उजवा हात झटके द्यायला लागला, मग सगळं अंग. दात आवळले, डोळे वर. आई स्वयंपाकघरातून धावत आली. शेजारच्या काकूंनी चप्पल आणली, त्यांच्या मुलाने कांदा फोडून आणला, कोणीतरी हातात किल्ल्यांचा जुडगा द्या म्हणून ओरडलं. सगळे मायेपोटीच, हे खरं. पण यातलं काहीही लागत नाही. सिस्टरनी डिस्चार्जच्याच दिवशी बजावलं होतं म्हणून मला माहीत होतं: घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, गळ्याशी सैल करायचं, आजूबाजूचं टणक काही बाजूला करायचं, आणि तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ गिळली जात नाही, ती गिळता येतच नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. दोन मिनिटं दहा सेकंद. ती दोन मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दोन मिनिटं होती आणि त्यांत मला करायला जवळजवळ काही नव्हतं. पाच मिनिटांपुढे गेली, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर तो इमर्जन्सीचा मामला. पण पहिलीच फिट, म्हणून आम्ही तशीच तिला घेऊन गेलो. नंतर काही तास तिचा उजवा पाय आधीपेक्षाही जास्त लुळा वाटत होता. आम्हाला वाटलं दुसरा स्ट्रोक. स्कॅनमध्ये नवीन काही नव्हतं. फिटनंतर असा तात्पुरता लुळेपणा येतो. रॉबर्ट टॉड यांनी १८४९ साली लिहून ठेवलेला, म्हणून तो "टॉड्स पॅरालिसिस". गोळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून परत आलेली नाही.

हे होस्टेलवाल्यांनी जरा लक्ष देऊन वाचावं. देशात अपस्माराचे एक कोटीहून जास्त पेशंट आहेत असं सांगतात, म्हणजे प्रत्येक कॉलेजात काही असणारच, आणि बहुतेक जण ते लपवतात. गोळी चुकणं आणि झोप न होणं ही फिट यायची दोन नेहमीची कारणं, आणि पी.एल. मध्ये आपण दोन्ही अगदी शिस्तीत करतो. रूममेटने सांगितलं असेल तर त्याला रात्री जागायला आग्रह करू नका, आणि वॉर्डनसरांनाही विनंती की असा मुलगा खालच्या मजल्यावर, खालच्या पलंगावर ठेवावा. लपवण्याला कारण आहेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके हे लग्नाच्या आड येणारं कारण म्हणून वेडाच्या शेजारी लिहिलेलं होतं, ते १९९९ साली काढलं. कायद्यातून गेलं. काकूंच्या चपलेतून जायला अजून वेळ लागेल.

मावशींबद्दल लिहायचं राहिलंच. त्या नेऱ्याच्या बाजूने शेअर रिक्षाने येतात, सकाळी आठ ते रात्री आठ. ब्यूरोच्या पावतीवर त्यांना "सिस्टर" म्हटलेलं आहे, पण ब्यूरोने त्यांना काही शिकवलेलं नव्हतं. त्या आधी एका ऑफिसात झाडलोट करायच्या. नर्स व्हायला जी.एन.एम. चा तीन वर्षांचा कोर्स असतो, बी.एस्सी. नर्सिंगला चार, म्हणजे आपल्या बी.ई. इतकीच. आणि ज्या बाईच्या हातात आपण आपलं माणूस बारा तास देतो तिला कोणीही चार दिवससुद्धा शिकवत नाही, आणि आपण जे पैसे देतो त्यातले बरेच मध्येच कापले जातात. मला हे चीड आणणारं वाटतं. आम्ही आलो तेव्हा सिस्टरनी जे मला दाखवलं ते मी मावशींना दाखवलं, अर्धा तास झोपवण्यासकट. त्या पंचवीस मिनिटं टिकल्या! उठून म्हणाल्या, "दादा, मला सवय आहे एका जागी गप बसायची." मग दोन दिवसांनी त्यांनीच मला शिकवलं की टाचा वर ठेवायला उशी पोटरीखाली घ्यायची, टाचेखाली नाही. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बघून कळलं, म्हणाल्या.

ग्राफ पेपर आता तेरावा चालू आहे. बेडसोर एकदाही झालेला नाही. आजी व्हीलचेअरमध्ये बसून गॅलरीत येते, खालचा भाजीवाला ओरडला की "नको" म्हणते, आणि या वेळी त्याचा अर्थ नकोच असतो. फेब्रुवारीत एका पहाटे चारचा अलार्म झाला, मी उठून गेलो तर ती आधीच वळलेली होती. डाव्या हाताने पलिकडचा कठडा धरून, उजव्या कुशीवर. आता आठवड्यातून चार-पाच वेळा तरी असं होतं. चार्टवर त्या चौकोनात काय लिहायचं यावर घरात चर्चा झाली, कारण "उ" तर आम्ही वळवलं तरी लिहितोच. शेवटी मावशींनी ठरवलं. तिथे आम्ही "स्व" लिहितो.